घोंगडीचे रस्ते

मी, लालासाहेब भाऊसाहेब निकम, निवृत्त सुभेदार, वय पंचाहत्तर, राहणार रहिमतपूर, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचंही दडपण नाही. घरात पत्नीचं असतं तेवढं धरू नये.

१. राहतं घर व उसाची जमीन पत्नी सौ. शालूबाई हिला, तिच्या पश्चात चिरंजीव दिग्विजय याला. बांधावरचा आंबा कोणी तोडू नये.

२. माडीवरचं लढाईचं टेबल. त्यावर मातीचे डोंगर, बोटभर ट्रक आणि शिपाई मांडून मी व फौजेत माझ्या कंपनीतला जोडीदार आप्पासो कोळेकर दर रविवारी फासे टाकून लढतो. हे टेबल शालूबाईला. मी दवाखान्यात होतो तेव्हा डाव मोडू नये म्हणून माझी बाजू तिनं चालवली. परत येऊन बघतो तर माझे ट्रक खिंडीपार! "आवं, रस्ता हुता की. तुमी उगंच डोंगरातनं घालत हुता," म्हणाली. मला तिचा लय अभिमान वाटला. तोंडानं सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे नोंदवतो.

३. दिग्विजयनं पुण्याहून पाठवलेले प्लॅस्टिकचे छापील रस्ते त्याला परत. माया पोचली. पण डोंगरावर टाकले की त्यांची दोन्ही टोकं वर येतात आणि ट्रक घसरतात.

४. आता खरे रस्ते. आप्पासो आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. जुन्या घोंगडीच्या पट्ट्या कापून त्यानं हे रस्ते केले. पट्टीला चिंचोक्याची खळ लावायची, ओली असतानाच डोंगरावर अंथरायची, वरून चहाच्या गाळणीनं मुरूम चाळायचा. वाळली की ती त्या डोंगराचीच होऊन जाते. एका वळणाला मी हरकत घेतली, सरळ ने म्हणालो. तो म्हणाला, "मेंढरू चढ बघून वळतंय गड्या. रस्ता बी तसाच पायजे." उभी नोकरी मी घाटांतून गाड्या काढल्या, पण टेबलावर इतका खरा रस्ता कुठं बघितला नाही. त्या वळणाकडे बघताना माझा पाय अजून ब्रेक शोधतो.

५. चुलतबंधू नानासो यांनी याला पोरखेळ म्हटलं, वर चहाचा कप रस्त्यावरच ठेवला. डाग पडला. आप्पासोनं तो पुसला नाही, तिथं पाणी साचलेला खड्डा करून टाकला. असा हात देव एखाद्यालाच देतो. नानासोंना माझी छत्री द्यावी. माडीवर चहा देऊ नये.

६. मी गेल्यावर आप्पासो यायचा थांबेल आणि रस्ते डोंगरांसकट माळ्यावर पडतील, ही एकच धास्ती मला आहे. म्हणून ते त्यालाच द्यायचं ठरवलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, साक्षीदारानं मृत्युपत्रातून काही घेऊ नये, पुढे वाद निघतो, तेव्हा यांची सही नको. ऐकताच तो पेन घेऊन बसला. "मग मीच साक्षीदार! रस्तं माझ्या घरी आलं तर मी हिकडं कशाला यीन? आन् वैनींसंग कोण लढंल?" त्याच्यापुढं माझं कधी चाललेलं नाही. सबब रस्तेही टेबलासकट शालूबाईला. आप्पासोनं तिला मुद्दाम जिंकू देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : रहिमतपूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार : लालासाहेब भाऊसाहेब निकम (सही)

साक्षीदार :
१. नाथाजी बाबुराव जगदाळे, शेजारी (सही)
२. आप्पासो बिरा कोळेकर (सही, खाली त्यांच्याच हातानं : "वैनी, रविवार चुकणार न्हाई. फासं तयार ठेवा.")