वीतभर वर थांबलेला हात

शिरूर, रविवार, १७ फेब्रुवारी १९७४

आज संध्याकाळी विहारात अर्धा तास बोललो. कुणाच्या पाया पडू नका, कुणाला गुरू करू नका, आपला दिवा आपणच व्हायचं. चांगलं बोललो. माझं मलाच ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू?

संपल्यावर आमच्या वस्तीतले आबा उठले. धर्मांतर झालं तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातानं घोडनदीत बुडवलेला हा माणूस. गुडघे धरत पुढं आले, वाकले आणि माझे पाय धरले.

"आबा, काय करताय? आत्ता काय सांगितलं मी?"

"व्हय की, गुरुजी. तुम्ही सांगितलं म्हणून तर पटलं. आता तुम्ही म्हणाल तसंच करायचं."

कुणी हसलं नाही. उलट त्यांच्या मागं रांग लागली.

पण मला खातोय तो माझा उजवा हात. आबा वाकले तेव्हा तो त्यांना उठवायला गेला नाही, आशीर्वादाला वर गेला. आपोआप. कुणी शिकवलं त्याला? एवढे देव बुडवले, आणि हे कुठं राहिलं होतं?

आठवतंय, कुठं ते. माझा बाप गावातल्या महाराजांपुढं जमिनीवर लोटांगण घालायचा, तेव्हा त्यांचा हात असाच वर जायचा. विटाळ नको म्हणून डोक्यापासून वीतभर वरच थांबायचा.

माझाही तिथंच थांबला. आबांना शिवला नाही.