नववा छर्रा

आचरा,
२२ नोव्हेंबर २००९

प्रिय गणपत,

पत्र बघून हसशील. खिशात मोबाइल असताना भिकाजीला या वयात पत्र लिहायची हौस कुठून आली, म्हणशील. तीनदा फोन लावला होता. तिन्ही वेळा अनुजाने उचलला आणि तिन्ही वेळा मी तिकडे थंडी पडली का, पाणी वेळेवर येतं का असलं काहीबाही विचारून ठेवून दिला. तुझ्या लेकीला वाटलं असेल, बाबांच्या मित्राला म्हातारचळ लागला. तिला सांगण्यासारखं नाही आणि तुझ्याशी बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर लावून वाच. चष्मा सापडला नाही तरी दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस.

इकडे सगळं बरं आहे म्हणायचं. पार्वतीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. भात बरं आलं होतं, पण डुकरांनी यंदा पार कहर केला. निवडणुकीसाठी बंदुका पोलीस ठाण्यात जमा केलेल्या, हे त्या मेल्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. दिवस मावळायच्या आत कळप खाली उतरायचा. बंदूक परत मिळेपर्यंत खालचा भाताचा कुणगा आडवा झाला होता. मीही आता पूर्वीचा राहिलो नाही, वाकून जवळ जाणं जमत नाही. दगडी गडग्याला टेकून लांबूनच बार टाकावा लागणार. म्हणून म्हटलं, आधी बघू तरी, आपली बाराबोरी पन्नास पावलांवर छर्रे एकत्र ठेवते की नाही.

तुला ठाऊक आहेच माझं या बंदुकीचं वेड. नळीचं तोंड थोडं आवळलेलं, त्यामुळे छर्रे लवकर फाकत नाहीत. तरुणपणी मी तुला शेतात उभं करून पावलं मोजायला लावायचो. माडाच्या झावळ्यांचा विणलेला झाप उभा करायचा, त्यावर वर्तमानपत्र चिकटवायचं, बार टाकायचा आणि मग त्यावर सूप धरून बघायचं. भोकं सुपाच्या आत बसली की मी तालमीतल्या पैलवानासारखा मांडीवर थाप मारायचो. महादू त्याच्या ठासणीच्या बंदुकीने एकदा त्याच झापावर बार टाकायला आला, तेव्हा कागदावर दोनच भोकं पडली आणि एक झापाच्या काठीला. किती हसलो होतो आपण. तोही हसला होता. जाळ्याला लावायचं शिसं कोयत्याने तोडून भरणारा माणूस तो, त्याचा बार कुठे जाईल याचा त्यालाही पत्ता नसायचा.

तर परवाच्या दिवाळीनंतर तसाच झाप लावला. पंचवीस पावलांवर नऊच्या नऊ छर्रे ताटाएवढ्या जागेत. मन हरखलं. चाळीसवर गेलो, आठ भोकं. पन्नासवर गेलो, पुन्हा आठच. म्हटलं, मोजताना चुकलं. पुन्हा टाकला, बोट लावून मोजली. आठ. गणपत, मी आयुष्यभर सुपाच्या आत काय बसलं तेच बघितलं रे. बाहेर काय गेलं, ते कधी मोजलंच नाही. भुतासारखा तिथे उभा राहिलो. मग घरी जाऊन दुसरा झाप आणला आणि पहिल्याच्या उजव्या अंगाला लावला. उजव्याच अंगाला का, ते तू आता विचारू नकोस, पुढे सांगतो. पुन्हा बार टाकला. नववं भोक तिथे होतं. दोन हात उजवीकडे, थोडं खाली. आणखी तीन काडतुसं उडवली. दोनदा तो तसाच उजवीकडे गेला, एकदा कुठेच सापडला नाही, वरून गेला असावा. नळीच्या तोंडाशी आतून बोट फिरवलं, तर एक बारीक पोचा हाताला लागला. अठ्ठ्याण्णवच्या पावसात मी बंदुकीसकट गडग्यावरून घसरलो होतो, तुझ्यासमोरच, आठवत असेल.

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. पार्वती म्हणते, पित्त झालंय. झालंय म्हटलं. बाहेर कुणी हाक मारली तर मी तिलाच पुढे पाठवतो. आणि अशातच अनुजाने सांगितलं की तुझ्या मांडीचं दुखणं वाढलंय, एक्सरेत हाडाजवळ वाटाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतोय आणि पुढच्या सोमवारी, तीस तारखेला, तो काढणार आहेत. ती म्हणाली, बरं झालं, दहा वर्षांची पीडा जाईल. मला विचारावंसं वाटलं, गो बाय, तो ठिपका गोल आहे की कडा असलेला. विचारलं नाही. हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

नव्व्याण्णवच्या शिमग्यानंतरची ती पारध मी किती वेळा मनात पुन्हा खेळलोय, सांगता येणार नाही. तू व्हाळाच्या पाण्यापलीकडे काजूच्या झाडापाशी, मी अलीकडे, महादू डावीकडच्या चढणीवर. रान हाकणारे ओरडत खाली आले आणि डुक्कर आडवं धावलं. चाळीस पावलं असेल. मी आणि महादूने एकदमच बार टाकले, इतके एकदम की लोकांना एकच आवाज आला. डुक्कर लोळलं आणि त्याच्या पलीकडे, उजव्या अंगाला, तू मांडी धरून खाली बसलास. आता कळलं ना दुसरा झाप उजवीकडे का लावला?

तुला उचलून नेलं. पारध कायद्यात बसत नव्हती, म्हणून मोठ्या डॉक्टरकडे जायची कुणाची छाती झाली नाही. ओळखीच्या कंपाउंडरने जखम धुऊन शिवली आणि आतला छर्रा आतच राहिला. तू त्या कंपाउंडरकडे होतास म्हणून पुढचं तुला फक्त ऐकून माहीत आहे. डुक्कर सोलताना ज्याचे छर्रे त्याचं शिर, ही आपली रीत. डुकराच्या अंगात सगळे छर्रे गोल निघाले, कोयत्याने तोडलेला एकही नाही. भोकं मीच मोजली. सगळे भोवती उभे होते. मी म्हटलं, "नवच्या नव हंय आसत." मग महादूचं शिसं गेलं कुठे, याचा हिशेब कुणाला वेगळा करावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी रानातल्या चाळ्याच्या दगडापुढे नारळ ठेवला आणि आम्हा दोघांना त्यावर हात ठेवायला सांगितला. तो राखणदार खोटं खपवून घेत नाही, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. मी हात ठेवला आणि म्हटलं, "माझो छर्रो सुपाभायर जाणा नाय." महादूने हात ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच हातून झाला आसतला."

त्याने नाही म्हटलंच नाही रे. माझ्या बढाईवर माझ्यापेक्षा त्याचा जास्त विश्वास होता. वर्षभर तो दर सोमवारी तुझ्या पडवीत मासे ठेवून जायचा आणि वहिनी ते मांजरांना घालायच्या. तू त्याच्याशी एक शब्द बोलला नाहीस. मीही तुला बोल म्हटलं नाही. मग त्याला रापणीला, जाळं ओढायला कुणी बोलवेना, त्याच्या हाताला अपयश आहे म्हणाले, आणि तो गोव्याला ट्रॉलरवर गेला. त्याची बायको जानकी इथेच राहिली, अजून बाजारात मासे विकते. परवा तिच्याकडून बांगडे घेताना ती म्हणाली, "गणपतदादाचा ऑपरेशन आसा मा? ह्यांका फोनार सांगलंय. रडाक लागले." बांगडे तिथेच विसरून मी घरी आलो.

आता ऐक. डुकराच्या अंगावर भोकं आठ होती. मी तेव्हाही आठच मोजली होती. खांद्यापाशी दुसऱ्या डुकराच्या दाताची एक जुनी जखम होती, तिच्यावर बोट ठेवून मी नऊ म्हटलं. माझी बढाई खरी ठरावी म्हणून म्हटलं की तुझं ओरडणं अजून कानात होतं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. पण पुढची दहा वर्षं मी मनाला समजावलं की बंदूक छर्रे आवळून ठेवते, त्यामुळे नववा फार तर वीतभर चुकून डुकराच्या पायाशी मातीत गेला असेल. त्या समजुतीवर मी झोपत होतो. झापाने तीही काढून घेतली.

या पाकिटात कागदाच्या पुडीत एक छर्रा ठेवला आहे. काडतूस फोडून काढलेला, कोरा. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. सोमवारी डॉक्टर तुझ्या मांडीतून जे काढतील ते टाकू देऊ नकोस. मागून घे, धू, आणि हा छर्रा शेजारी ठेवून बघ. महादूचा असेल तर त्याला कोयत्याच्या कडा असतील. माझा असेल तर हाडाला आपटून एका अंगाने चेपला असेल, पण गोल तो गोलच. सारखे निघाले तर मला काही कळवू नकोस. आधी महादूला फोन कर. त्याचा नंबर जानकीकडून मागून त्याच पुडीच्या कागदावर लिहिला आहे, कशाला हवा म्हणून तिने विचारलंही नाही. तिला त्याच वेळी सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं आणि नंबर घेऊन परत आलो. म्हणून तुझ्या गळ्यात घालतोय. तू त्याच्याशी बोललास की मला मागे फिरता येणार नाही, मग चाळ्याकडे मी गाव घेऊन स्वतः जाईन. मला पोलिसांची भीती वाटते, चाळ्याची वाटते, तुझी तर फारच वाटते. पण सगळ्यात जास्त माझीच वाटते, की तू गप्प राहिलास तर मीही पुन्हा गप्प बसेन.

अजून म्हणू देणार असलास तर, तुझाच,
भिकाजी