बाटलीवरचा मासा

मंगळवार, पौष महिना, १९६३

वापस पाठवली बाटली! माही सुमन बाळंतपणापासून भिंत धरून चालून राह्यली अन् तिचा सासरा म्हणे, "आमच्या गळ्यात माळ हाय, माशाचं तेल घरात चालत नाही." मंग सुनेची हाडं मऊ पडलेली चालतात का?

बाटलीवर मासा छापेल हाय, तोच नडला. कागद खरवडून पाठवली असती तर? नाही. चोरून दवा देणं मले जमत नाही.

तशीच नांदुऱ्याले डॉक्टरकडे गेली. ते म्हणे, "बाई, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही येतात. त्यात मासा नाही. पण गोळी अन् तेल दोन्ही संगं देऊ नका."

हे आधी काऊन नाही सांगतलं? जाऊ दे. गोळ्या घेतल्या. बाटली फळीवर ठेवली, तो मासा माह्याकडे पाहून राह्यला.

उद्या वडनेरले मीच जातो. व्याह्याच्या हातात गोळ्या देतो अन् तोंडावर सांगतो, "घ्या, मासा नाही. पोरीले अंगणात उन्हातही बसू द्या. गोळी चालते का नाही, शनिवारपर्यंत सांगा. नाहीतर रविवारी मी लेक अन् नातू घेऊन जातो."