लाकडाच्या बाईवरची ड्यूटी

बाबा,

आज दुपारी नातू टीव्हीवर बातम्या पाहत होता. कुठल्याशा मोठ्या देशाने बाहेरून येणाऱ्या मालावरची ड्यूटी पुन्हा वाढवली, आणि मूर्ती, गालिचे, कापडावरची चित्रं करून तिकडे पाठवणाऱ्या लोकांची खोकी बंदरात अडकून पडली, असं ती निवेदिका सांगत होती. एक म्हातारा कारागीर कॅमेऱ्यासमोर आला आणि हात जोडून बाजूला झाला. नातवाने चॅनल बदलला. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि तो उतू गेला तरी नुसती पाहत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. तरी त्या म्हाताऱ्याबद्दल तुम्हालाच सांगावंसं वाटलं. ही गोष्ट ज्यांना कळली असती त्यांच्यापैकी दुसरं कोणी उरलेलं नाही.

वैनगंगेकाठचं गाव सोडून आपण भिलाईला आलो तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता. तुम्ही ठेकेदाराकडे शटरिंगचे सुतार. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडाचे साचे बांधायचे, काँक्रीट धरलं की तेच साचे उखडून टाकायचे. "आपलं काम राहत नाही, राहते थे सिमेंटचं," असं तुम्ही आईला म्हणायचा, आणि त्यात तक्रार नसायची. मजुरांच्या कॅम्प-१ वस्तीतल्या आपल्या खोलीत लाल धूळ भाकरीच्या पिठातसुद्धा असायची. तान्ह्या पोळ्याला आळीतल्या पोरांना तुम्ही चाकं लावलेले लाकडी बैल करून द्यायचा. मग एका वर्षी बैल बाजूला ठेवून तुम्ही रेजा कोरली. डोक्यावर घमेलं घेऊन माती वाहणारी मजूर बाई, मान ताठ आणि एक पाय फळीवर. आई बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. ती स्वतः दोन वर्षं असंच घमेलं वाहत होती. "मान बराबर धरली हाये," एवढंच ती म्हणाली. मग तुम्ही अशाच मूर्ती करत गेलात आणि दारात मांडून ठेवू लागलात.

मग एके दिवशी एक परदेशी बाई आली, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. कारखाना पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यातून ती कशीबशी बाजारालगतच्या आपल्या आळीपर्यंत आली आहे, घामाने लालबुंद झाली आहे, आणि आपल्या दारात उकिडवी बसून एकेक मूर्ती उचलते आहे. शेजारचे, कारखान्याचे नकाशे काढणारे बंगाली ड्राफ्ट्समन काका मध्ये उभे राहून तिचं बोलणं हिंदीत सांगतात. तिचं समुद्रापलीकडे एक छोटं दुकान होतं, तिथे ती देशोदेशीच्या कलावस्तू विकायची. "बोल रही है, आप मूर्तिकार हैं," काका म्हणाले. तुम्ही मान हलवून म्हणालात, "नहीं, नहीं. सुतार."

ती पत्राने मूर्ती मागवू लागली, आणि पुढची काही वर्षं हे सगळं खरंच सुरळीत चाललं. रशियन यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या बाजारात विकायला असायच्या. त्या आणून तुम्ही नवी खोकी बांधायचा, आत भुसा भरायचा, आणि खोकं दुर्गहून रेल्वेने कलकत्त्याला, तिथून बोटीने जायचं. कलाकृती म्हणून त्यावर तिच्या देशात काहीच ड्यूटी नव्हती. हे तेव्हा आपल्याला ठाऊकही नव्हतं, कारण जे भरावं लागत नाही त्याची चौकशी कोण करतो. घरात मला दोन वेण्यांना दोन रिबिनी आल्या. आईने घमेलं सोडलं.

त्याच सुमारास बांधकाम आटोपत आलं आणि कारखान्यात कायमची भरती निघाली. तुमच्यासोबतचे सुतार एकेक करून आत लागले. तुम्हालाही बोलावणं आलं. त्या संध्याकाळी आई चुलीपुढे होती आणि तुम्ही शिवणीचा ओंडका तासत होता.

"जाऊन या ना उद्या," आई म्हणाली. "क्वार्टर भेटते. सेक्टर दोनमंदी नळ हाये घरात."

"आत गेलो तं हे होनार नाही. शिफ्ट करून घरी येऊन हे जमत नसते."

"हे कितीक दिवस चालनार हाये? थ्या बाईनं बोलावनं बंद केलं तं?"

"थे कावून बंद करन? तिले आवडून राहिलं म्हनून तं मांगते."

आईने चुलीतलं लाकूड आत सारलं. तुम्ही तरी कुठे चुकला होतात? ती बाई शेवटपर्यंत मागतच राहिली. तिच्यामुळे काही थांबलं नाही, हे मी इतक्या वर्षांनी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते, आणि त्याने काहीच हलकं होत नाही.

तुम्ही भरतीला गेला नाहीत. बाईने एक मोठी मूर्ती मागितली होती. त्यासाठी तुम्ही आईलाच अंगणात उभं केलंत. ती लाजायची, पदर सारखा करायची, मध्येच भात बघायला आत पळायची. अख्खा उन्हाळा त्यात गेला. आईच्या हनुवटीवर भाजल्याचा लहानसा व्रण होता, तोही तुम्ही लाकडात आणला होता. खोक्याची शेवटची फळी ठोकताना आई म्हणाली, "मले एकटीले पाठवून राहिले तुमी," आणि तुम्ही दोघं हसलात. आईचा एकही फोटो नव्हता, आजही नाही.

मग बाईचं पत्र आलं. ड्राफ्ट्समन काकांनी ते दोनदा मनात वाचलं आणि मग आपल्याला सांगितलं. तिच्या देशाने नियम बदलले होते आणि आपलं खोकं तिकडच्या बंदरात अडकलं होतं. यापुढे लाकडी मूर्तीला कलाकृती तेव्हाच धरणार, जेव्हा ती घडवणारा शिकलेला मूर्तिकार असल्याचा पुरावा मिळेल. नाहीतर तो नुसता लाकडी माल, आणि त्यावर जबर ड्यूटी.

"ड्यूटी तं मानूस करते," आई म्हणाली. "लाकडावर कायची ड्यूटी?"

तुम्ही चौथऱ्यावरून उठलात. पुरावाच हवा तर पुरावा आणू, असं तुम्हाला वाटलं होतं. दोन मूर्ती गोणपाटात बांधून तुम्ही पॅसेंजरने नागपूरला गेलात, मला सोबत घेतलंत. चित्रकला शिकवणारे एक मास्तर भेटले, भले माणूस होते. त्यांनी मूर्ती खिडकीपाशी नेल्या, फिरवून फिरवून पाहिल्या. मग म्हणाले, "काम उत्तम आहे. पण तुम्ही आमचे विद्यार्थी नाही, कुठल्या प्रदर्शनात नाही. मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?" तुम्ही म्हणालात, "बराबर हाये तुमचं," आणि मूर्ती परत बांधल्या. परतीच्या गाडीत तुम्ही मला शेंगदाणे घेऊन दिलेत. स्वतः एकही खाल्ला नाहीत.

शेवटी तुम्ही जुन्या ठेकेदाराकडे गेलात. त्याने आनंदाने इंग्रजीत टाईप केलेला दाखला दिला, वर शिक्का. इतकी वर्षं काम केलं, अत्यंत कुशल सुतार, हात सफाईदार. तुम्ही तो दाखला आईला दाखवलात, मला दाखवलात, काकांकडून मोठ्याने वाचून घेतलात. काका वाचताना अडखळले होते, का ते आज कळतं. पण तुमच्या तोंडाकडे पाहून त्यांना ते सांगवलं नसेल. दाखला बाईकडे गेला, तिने तो तिकडच्या कचेरीत दिला, आणि त्याच दाखल्यावरून निकाल लागला. घडवणारा सुतार आहे, तेव्हा माल सुतारकामाचा.

बाईने लिहिलं की तेवढी ड्यूटी भरली तर दुकान बंद करावं लागेल. खोकं परत पाठवायचं भाडंही तिला किंवा आपल्याला झेपणारं नव्हतं. न सोडवलेला माल काही दिवसांनी लिलावात जातो किंवा नष्ट करतात, असंही तिने लिहिलं होतं, आणि माफी मागितली होती. तुम्ही काकांना एकच विचारलंत, "जलाते हैं क्या?" काका म्हणाले, "मालूम नहीं, भैया." मग तुम्ही आत आलात. आई भांडी घासत होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनेही वर पाहिलं नाही, आणि मला कळेना की माझी आई तर इथेच बसली आहे, मग ह्या घरात कोण गेलं आहे.

कारखान्याची भरती तोवर संपली होती. तुम्ही पुन्हा ठेकेदारांकडे रोजीवर लागलात. सेक्टरमधल्या क्वार्टरांना चौकटी बसवल्यात, ज्यातलं एक आपलं असू शकलं असतं. आई पुन्हा कामाला जाऊ लागली. पुढच्या तान्ह्या पोळ्याला पोरं दारात आली तेव्हा तुम्ही त्यांना बाजारातून बैल आणायला सांगितलंत. दोन-तीन वर्षांनी आई तापाने गेली. तिला नेताना तुम्ही वाकून तिच्या तोंडाकडे इतका वेळ पाहत राहिलात की लोकांनी तुम्हाला धरून उठवलं. त्यानंतरही तुम्ही कितीतरी वर्षं जगलात, जेवलात, कामाला गेलात, माझं लग्न करून दिलंत. कोरायला लाकूड घेऊन बसलेलं मात्र मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही.

तुम्हाला दिलासा वाटेल असं काही आज लिहावं म्हणून कधीची बसले आहे. तसं काही घडलेलं नाही. मूर्ती कुठे सापडली नाही, बाईचं पुढे काय झालं कळलं नाही, आणि तो टीव्हीवरचा म्हातारा आज घरी जाऊन काय सांगेल ते मला चांगलं ठाऊक आहे. हे पत्र मी घडी करून ठेवणार नाही, ते रद्दीच्या पिशवीत जाईल. बाबा, तुमचा आवाज मला आठवतो, चालणं आठवतं, खोकला आठवतो. तुमचे हात कसे होते ते आठवत नाही. खूप प्रयत्न करते, पण नाही आठवत.