जनावर या शब्दाचा अर्थ

३ जून २०२४, पहाटे ५.०४
आरवला.
सोसायटीच्या इलेक्शनमध्ये गंगाराम सेक्रेटरी झाला. नऊ वर्षं ती खुर्ची माझी होती. हा माणूस तीस वर्षं बोटीवर, जमिनीवरच्या कायद्यातलं याला काय कळणार? जिंकला आणि त्याच आठवड्यात कोंबडा पाळला. खुराडं नेमकं माझ्या खिडकीखाली. दमयंतीला, म्हणजे माझ्या स्वतःच्या बायकोला, हा योगायोग वाटतो. पोफळीच्या पॉवरहाऊसच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत, योगायोग मला ओळखता येतो.
आधी कोंबडा काढणार. मग गंगाराम.

५ जून
हत्यार सापडलं. सोसायटीचा नियम क्रमांक १४: "आवारात कोणीही जनावर पाळू नये." ड्राफ्टिंग माझंच. काय सुटसुटीत वाक्य आहे. जाऊन गंगारामच्या नाकासमोर धरलं. म्हणाला, भाऊ, कोंबडा कधीपासून जनावर झाला?
ठीक. कोर्टात कळेल.

९ जून
रद्दीवाल्याकडून जाडजूड पुस्तक आणलं. कायद्याचा अर्थ कसा लावावा. सातशे पानं. पंधरा दिवसांत संपवणार.

२३ जून
पान ४१. पुस्तक भन्नाट. कायदा सगळीकडे एकाच पद्धतीने वाचत नाहीत. फौजदारीत एक तऱ्हा, टॅक्समध्ये दुसरी, कल्याणकारी कायद्यात तिसरी. म्हणजे गंगारामला तिन्ही बाजूंनी घेता येईल.

२६ जून
फौजदारी कायदा काटेकोर वाचतात. म्हणून पोलीस स्टेशनला गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, चहाही पाजला. घरी येऊन पुढचं पान वाचलं. काटेकोर म्हणजे आरोपीच्या बाजूने. संशयाचा फायदा कोंबड्याला.

१५ जुलै
टॅक्सचा कायदा. लिहिलंय तेवढंच, दयामाया नाही. मस्त. खुराडं हे बांधकाम आहे, घरपट्टी आकारा, असा अर्ज दिला होता. आज माणूस टेप घेऊन आला. खुराड्याला पाया नाही म्हणाला. मी बाल्कनीला ग्रिल लावून केलेली खोली मात्र त्याला फार आवडली. दोनदा मोजली.

१९ ऑगस्ट
कल्याणकारी कायदा उदारपणे वाचतात. मी ज्येष्ठ नागरिक, म्हणून त्या कायद्याखाली अर्ज केला, माझा छळ होतो. साहेबांनी तो इतका उदारपणे वाचला की नोटीस आमच्या गौरवला गेली, आईबापांना सांभाळत नाही म्हणून. गौरवचा फोन आला. सविस्तर लिहीत नाही.
दमयंती चार दिवस फक्त कोंबड्याशी बोलते आहे.

१२ सप्टेंबर
पुरे झाल्या आडवाटा. दिवाणी दावा टाकला. वकील दिलेला नाही, स्वतःच बोलणार. निकाल कायद्याच्या पुस्तकात छापून येईल. वर माझं नाव, मग विरुद्ध, मग गंगाराम. पन्नास वर्षं पोरं पाठ करतील.

१८ फेब्रुवारी २०२५
आजची सुनावणी माझी. गंगारामची वकील वेदिका, सावर्ड्याची पोरगी, माझ्या पुस्तकापेक्षा बारीक. जजसाहेब म्हणाले, शब्दाचा साधा अर्थ पाहू, सामान्य माणूस लावतो तो. मी तयारच होतो. सामान्य माणूस म्हणून येसूबाईला साक्षीला आणलं होतं. आमच्या दारावर मासे विकते. मीच विचारलं, जनावर म्हणजे काय?
तिने कानाला हात लावला. म्हणाली, त्याचा नाव घेव नये. मी म्हटलं, कोणाचं? तर म्हणाली, लांबड्याचा.
कोर्ट हसलं. आमच्याकडे सापाला जनावर म्हणतात हे मला काय माहीत नाही? पण ते अडाणी बोलणं. सुशिक्षित माणूस सापाला सापच म्हणतो, असं मी ठणकावून सांगितलं. जजसाहेबांनी लिहून घेतलं. जिंकल्यात जमा.

११ जुलै, दुपारी ४
किरकोळ घटना. बाल्कनीत, माझ्या केसच्या फायलींवर साप. मी शेजाऱ्यांना तशी सूचना दिली. दमयंतीचं म्हणणं, मी टीपॉयवर चढून "जनावर, जनावर" असा ओरडलो की खालच्या दुकानदाराने शटर ओढलं. अख्खी सोसायटी काठ्या घेऊन आली, सगळ्यांत पुढे गंगाराम. साप निसटला.
वेदिका तेव्हा गंगारामकडे कागद न्यायला आली होती. तिने ऐकलं नसावं.

२२ ऑगस्ट
ऐकलं होतं. उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला. काका, तुम्ही जनावर म्हणून ओरडलात, तेव्हा लोक काठ्या घेऊन का आले? कोंबडा पकडायला?
मी उत्तरासाठी तारीख मागितली. मिळाली नाही.

२५ सप्टेंबर
निकाल. या गावात जनावर म्हणजे साप. नियम १४ने सोसायटीत साप पाळायला बंदी आहे. कोंबडा मोकळा. शिवाय शब्द संदिग्ध असला तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचतात म्हणे. ते माझ्या पुस्तकात पान ६१२वर आहे. मी १८०वर आहे.
अपील करणार. गंगारामला सुप्रीम कोर्टापर्यंत नेणार.

३ ऑक्टोबर
साप परत दिसला. तासाभरात सेक्रेटरींची नोटीस: "आपल्या घरात जनावर असल्याचे दोनदा आढळले. नियम १४ पाहावा. खुलासा करावा." याला म्हणतात सूडबुद्धी. पाळणे या शब्दावर सतरा पानी खुलासा लिहायला घेतला, पण फायली बाल्कनीत आणि बाल्कनीत तो. सर्पमित्र उद्या येणार, तोवर घर बंद. गंगाराम म्हणाला, भाऊ, आमच्याकडे या. मी ठाम नकार दिला. दमयंतीने पिशवी भरली.

४ ऑक्टोबर, सकाळी ७
गंगारामचा हॉल. पाचला आरवला. इथे आवाज जवळजवळ येतच नाही.
चहा पिताना गंगारामने विचारलं, भाऊ, खरं सांगा, कोंबड्याचा त्रास तरी काय होता? मी म्हटलं, पहाटे पाचला झोपमोड, सोळा महिने. तो म्हणाला, मग एकदा बोलायचंत ना. मला वाटला, तुम्हाला तो नियमच चालवायचा आहे.
ही वही पिशवीत होती, ती मागे चाळली. नियम दाखवला होता. आवाजाचं कधी बोललोच नव्हतो.
कप खाली ठेवून तो उठला आणि खुराडं मागच्या फणसाखाली नेऊन ठेवलं. दहा मिनिटं लागली. आता माझ्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच उरलेलं नाही.