शेवटच्या वाघिणीच्या पकडी

२ मार्च

चि. भाऊस, अनेक उ. आशीर्वाद.

फोनवर नुसती रडते, म्हणून लिहितेय. तुझ्या भाच्याची रूळगाडी, ती लांब रूळ वाहून नेणारी, वळणावर घसरली. सोबतच्या फिटरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ऑफिसचं म्हणणं, लांब रूळ फक्त मधल्या डब्याला, तुमच्या भाषेत वाघिणीला, बांधायचे असताना यानं शेवटच्या वाघिणीच्याही पकडी आवळल्या. पकडी तुटून पडल्यात, त्यामुळे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. आणि हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. अठ्ठावीसला चौकशी आहे. नोकरी जाईल, खटलाही होईल.

तू तीस वर्षं तसल्याच गाडीवर होतास. निवृत्त झाल्यापासून तुझ्या छोट्या गाड्यांनी बायकोचं जेवणाचं टेबल अडवलंयस. आता ही गाडी तशीच छोटी बनव आणि चौकशीवाल्यांपुढे चालवून दाखव, की दोष वळणाचा आहे, माझ्या मुलाचा नाही.

तुझ्यावाचून मला कोण आहे? माया राहू दे.
ताई

८ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गाडी सुरू केली. पत्र्याच्या दहा वाघिणी, प्रत्येकीवर सुईच्या तुकड्यांचे रोलर. रुळांसाठी आधी घड्याळाची स्प्रिंग सरळ करून पाहिली. ती चिडून पुन्हा गोळा झाली, अगदी तुझ्यासारखी. आता पोलादाच्या दोन मीटर लांबीच्या पट्ट्या मिळाल्यात. मधल्या वाघिणीला घट्ट, बाकी ठिकाणी मोकळ्या. वळणावर रूळ मागेपुढे सरकतात, ते सरकू द्यायचे असतात. वळणाचं माप ऑफिसातून मिळवलेल्या अपघाताच्या अहवालातून घेतलंय. बायको ताट मांडीवर घेऊन जेवते आणि तुझा उद्धार करते.

धीर सोडू नकोस. लोभ आहे तसाच असू दे.
भाऊ

१२ मार्च

चि. भाऊस, अनेक उ. आशीर्वाद.

मामा गाडी करतोय म्हणून सांगितलं, वाटलं पोराला हुरूप येईल. तो ताटावरून उठला. मामाला थांबव म्हणाला आणि खोलीत गेला. फिटरच्या घरी जाऊन आले. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. हा जिवाचं काही करून घेईल, अशी भीती वाटते रे. त्याच्या दाराची आतली कडी मी काढून टाकलीय.

लवकर कर, तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते.
ताई

१९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गाडी झाली. रूळ फक्त मधल्या वाघिणीला बांधून वीस वेळा चालवली, वळण अलगद पार. मग शेवटच्या वाघिणीच्या पकडी आवळल्या. आठवी वाघीण उचलली गेली आणि नववीला घेऊन आडवी झाली. पाच वेळा केलं, पाचही वेळा त्याच दोन. अहवालातल्या फोटोतही त्याच दोन आहेत. ताई, त्यानं पकडी आवळल्या होत्या.

त्या आवळायला मी शिकवलं. तो कामाला लागला त्या आठवड्यात त्याला बाजूला घेऊन सांगितलं, नियम साहेबांचा, मान आपली. रूळ मागून सुटला तर माणूस कापला जाईल, म्हणून शेवटची वाघीणही बांध आणि कुणाला सांगू नकोस. मी स्वतः तीस वर्षं बांधली. माझ्या मार्गावरची वळणं सौम्य होती, आणि मला वाटलं मी शहाणा आहे. तो मला वाचवायला गप्प बसलाय.

अठ्ठावीसला गाडी घेऊन येतो आणि हे सगळं सांगतो. माझं व्हायचं ते होईल. तू म्हणालीस तरच येईन, कारण तुझ्या दारावरून परत फिरायची ताकद माझ्यात नाही.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही.
भाऊ

२३ मार्च

चि. भाऊस,

आशीर्वाद लिहायला दोनदा बसले. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. अपघातानंतर पहिल्यांदा तो रडला. मामानं येऊ नये म्हणतो, हात माझे होते, मीच निस्तरीन, त्याला या वयात कोर्टाच्या पायऱ्या नकोत. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास, माझ्या कडेवर वाढलास. तू यातून सुटावास असं मलाही वाटतं, हे खोटं कशाला सांगू. पण मला एकालाच पाठीशी घालता येतं.

तो म्हणतो येऊ नकोस. मी म्हणते, ये.

माया मागू नकोस. ती जात नाही, हाच त्रास आहे.
ताई