दाण्याएवढी फट

सोमवार, ४ तारीख

आधी आले ते समोरचे ड्रायव्हरभावजी! नात अजून गाडीतून उतरायची होती, पेटी अर्धी आत अर्धी बाहेर, आणि हे आपले दारात हजर. "काय आणलंय? फ्रिज का?" बस चालवणं सुटलं, चौकशी काही सुटली नाही.

फ्रिज कसला, नातीचा कॉम्प्युटर. सुटा. पेटी वेगळी, पोटातलं सामान वेगळं. माझ्या मागच्या खोलीत जोडायचा म्हणे. स्वतःच्या घरी का नाही, तर माझी लेक म्हणाली, "ते खोकं माझ्या घरात नको." लेकीचं चष्म्याचं दुकान. नातीनं तिथे आईशेजारी बसायचं सोडलं आणि कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं काम धरलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. माझ्याशी मात्र दोघी भरभरून बोलतात! मी मधली टपालपेटी.

पण नात राहायला आली! दारात पुन्हा कुणाच्या तरी चपला आडव्यातिडव्या पडल्यात. मुद्दाम उचलल्या नाहीत.

मंगळवार, ५

आज मी कॉम्प्युटर जोडला! म्हणजे नातीनं जोडला, स्क्रू मी आवळले. पेटीत एक मोठी पाटी बसते, बाकी सगळं तिच्यावर. "आजी, एवढे जरा आवळतेस?" आवळते की! चादरी पिळून पिळून मनगट कमावलंय, ते कुठे दाखवायचं? पहिला कोपरा असा आवळला की स्क्रू कुंई करून ओरडला. नात म्हणाली, "बास आजी, बास!"

मला बारीक दिसत नाही म्हणते माझी लेक. यावं आणि बघावं.

बुधवार, ६

बसेना!

ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. मला वाटलं, कार्ड म्हणजे पत्त्यातल्या पानासारखं काहीतरी असेल. ही तर वीट! वर तिला पंखे. तिच्याशिवाय नातीची चित्रं जागची हलत नाहीत. विटेची कड पाटीवरच्या खाचेत घालायची आणि टोकाची लोखंडी पट्टी पेटीच्या पाठीला स्क्रूनं धरायची. एवढंच. पण खाचेत घातली की पट्टीचं भोक पेटीच्या भोकासमोर येत नाही. तांदळाच्या दाण्याएवढं बाजूला! पट्टी ओढून जुळवली, तर वीट खाचेतून उचकटते आणि पडदा काळा.

आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिला एक चित्र पाठवायचंय. नोकरीसाठी. नाही पोचलं तर ती जागा दुसऱ्या कुणाला.

भावजी कानस घेऊन आले. "भोक घासून मोठं करतो, हाय काय नाय काय!" नात पेटीला मिठी मारून बसली. "आजोबा, लोखंडाचा कीस आत पडला तर सगळं जळेल!" तर म्हणतात, "आमच्या बसमध्ये काय काय पडायचं, तरी चालायची." जेवून गेले. कानस इथेच विसरले. मी ती पिंपामागे टाकली.

गुरुवार, ७

नात धड जेवली नाही. पेटी उघडते, बघते, मिटते. नखं संपली खाऊन.

लेकीला फोन केला. माझ्या चष्म्याची दांडी ढिली झालीय, येऊन जा म्हटलं. फोन ठेवला आणि मग दांडी ढिली केली.

शुक्रवार, ८

लेक आली. दांडी बघितली. "आई, ही ढिली झालेली नाही. केलेली आहे." माझं आपलं लक्ष खिडकीबाहेर.

मग मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. नातीचे दोन्ही हात पेटीत.

"आई, तिला सांग, ओढू नको. पट्टी वाकेल."

मी सांगितलं.

"आजी, तिला सांग, मला कळतं."

तेही सांगितलं.

"तिला विचार, कळतं तर मग बसत का नाही?"

आता हे कोण विचारणार! "अगं बाई, चहा उतू चालला," म्हणून मी सटकले. चहा ठेवलेलाच नव्हता. स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले, कान मागच्या खोलीत.

मग लेकीचा आवाज — "पाटी कुणी आवळलीय ही? पैलवान आणला होता का?"

"आजीनं."

आणि हसल्या! दोघी! माझ्यावर!! हसा म्हटलं मनात, पोट भरून हसा.

"फ्रेममध्ये काच बसवताना मी काय करते? इतकी वर्षं बघितलंस ना?"

"सगळे स्क्रू ढिले करतेस."

"मग?"

"आधी काच बसवतेस... मग आवळतेस."

"मग कर की, माझं तोंड काय बघतेस!"

लेकीनं पर्समधून दुकानातला पेचकस काढला. पाटीचे सगळे स्क्रू ढिले केले. पाटी सरकली, फार नाही, तेवढीच, दाण्याएवढी. वीट बसली खाचेत. पट्टीचा स्क्रू आधी लावला. मग पाटीचे, थोडा इकडचा, थोडा समोरच्या कोपऱ्यातला. मला हात लावू दिला नाही मेल्यांनी.

मग नातीनं चित्र लावलं. एक म्हातारी जिना चढते. मध्येच थांबते, गुडघ्यावर हात ठेवते, कुणी बघत नाही ना बघते, आणि पुन्हा ऐटीत चढते.

"ही तर आई!" लेक म्हणाली.

"मी अशी चालते?"

"अशीच!" दोघी एकदम.

लेक म्हणाली, पुन्हा लाव. मग म्हणाली, अजून एकदा. चष्मा काढून पुसला तिनं. स्वच्छच होता. मग नातीला म्हणाली, "गुडघा बरोब्बर जमलाय." आणि दिवस मावळायच्या आत चित्र गेलं.

शनिवार, ९

नात काल आईबरोबरच गेली. दारात चपला नाहीत. लेकीनं घरी खिडकीपाशी टेबल रिकामं केलंय, उद्या रविवारी दोघी पेटी न्यायला येणार. मला हवं होतं तेच झालं की!

पेटीच्या झाकणाचा एक स्क्रू माझ्या सुयांच्या डब्यात आहे. शोधू देत सावकाश.